लिब्राला 'नाही' नक्की कोण म्हणालं?

आळशी कासव (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फेसबुकची लिब्रा, ते डिजिटल चलन, आठवते का? १८ जून २०१९ ला श्वेतपत्रिका आली, जिनिव्हात असोसिएशन, २८ सभासदांची यादी, त्यात व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल, उबर, स्पॉटिफाय, व्होडाफोन अशी सगळी वजनदार वऱ्हाडी मंडळी, प्रत्येकाने किमान १ कोटी डॉलर टाकायचे आणि २०२० च्या पहिल्या सहामाहीत चलन लोकांच्या हातात. फेसबुककडे तेव्हा दोन अब्जांच्या वर माणसं. म्हणजे जन्मल्या जन्मल्या जगातल्या बहुतेक चलनांपेक्षा जास्त खिशांत पोचायची ऐपत असलेलं चलन. आणि झालं काय, तर डिसेंबर २०२० मध्ये नाव बदलून डिएम केलं, ३१ जानेवारी २०२२ ला सगळी मालमत्ता कॅलिफोर्नियातल्या सिल्वरगेट बँकेला विकली आणि दुकान बंद. एक नाणंसुद्धा चलनात आलं नाही.

सगळीकडे वाचायला मिळतं की 'रेग्युलेटर्सनी मारलं'. ठीक आहे, पण कुठल्या? 'लिब्रा बेकायदेशीर आहे' असा कुणी आदेश काढलेला दिसत नाही, कोर्टाचा निकाल नाही, संसदेत पास झालेला कायदा नाही. मग हा माणूस मेला कशाने? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मनी मांजर

वाचतेय. मला तर इतके दिवस वाटत होतं की टेक्नॉलॉजीच चालली नाही म्हणून गुंडाळलं.

आळशी कासव

नाही ना. टेस्टनेट (चाचणीचं नेटवर्क) व्यवस्थित चालू होतं. आणि मूव्ह नावाची जी प्रोग्रॅमिंग लँग्वेज त्यांनी यासाठी बनवली ती अजून जिवंत आहे, तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी ॲप्टॉस आणि सुई अशा दोन वेगळ्या ब्लॉकचेन तिच्यावर उभ्या केल्या. इंजिन बरं होतं, गाडीला नंबरप्लेट मिळाली नाही.

कोरा चेक

कासवराव, चांगला विषय काढलात. मी आयुष्यातली बरीच वर्षं बँकेच्या कंप्लायन्स (नियमपालन) खात्यात घालवली आहेत त्यामुळे हे प्रकरण मी मॅच बघावी तसं बघितलंय.

पहिली गोची ही की ही वस्तू नक्की आहे काय हेच ठरेना. मूळ आराखड्यात लिब्रा एका चलनाला बांधलेली नव्हती, अनेक चलनांच्या टोपलीला होती. एका जर्मन खासदाराला, फाबिओ डी मासींना, फेसबुकने सप्टेंबर २०१९ मध्ये दिलेल्या उत्तरात टोपलीतले वाटे आले: डॉलर ५० टक्के, युरो १८, येन १४, पौंड ११, सिंगापूर डॉलर ७. युआन नाही. आता ही टोपली म्हणजे डोळे बारीक करून बघितलं तर फंडासारखी दिसते, कारण तुमच्या पैशातून सरकारी रोखे आणि ठेवी घेतल्या जाणार आणि त्यांच्या भावाप्रमाणे तुमच्या नाण्याचा भाव हलणार. फंड म्हटला की सिक्युरिटीजवाले (शेअर-रोख्यांचे नियामक) आले. पण लोक ती खर्च करणार, म्हणजे पेमेंट सिस्टीम, मग ते खातं आलं. पैसे भरले आणि परत मिळणार असं वाटतंय म्हणजे ठेव, मग बँकिंगवाले म्हणणार लायसन्स दाखवा. ठेव म्हणावी तर विमा नाही. आणि परत मिळण्याची मजा अशी की सामान्य माणसाला राखीव निधीवर थेट हक्कच नव्हता, ठरावीक अधिकृत विक्रेतेच निधीकडे जाऊन नाणं वटवू शकणार, तुम्ही आम्ही बाजारात मिळेल त्या भावाला विकायचं. कल्पना करा, बाजार घाबरलाय आणि विक्रेता म्हणतोय आज दुकान बंद.

त्यात व्याज. राखीव निधीवर जे व्याज येणार ते धारकाला शून्य, आधी खर्चाला आणि उरलं ते सुरुवातीला पैसे घालणाऱ्या सभासदांना, त्यासाठी वेगळं इन्व्हेस्टमेंट टोकन. म्हणजे जोखीम तुमची आणि दूध त्यांचं.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट माहितीच आहे सगळ्यांना. इथे फरक एवढाच की प्रत्येक आंधळ्याच्या हातात हत्तीला उभं ठेवायचा अधिकार होता आणि एकालाही 'जा' म्हणायचा अधिकार नव्हता. अमेरिकेत तर सिक्युरिटीज वेगळे, कमॉडिटीज वेगळे, मनी लाँडरिंग बघणारी फिनसेन वेगळी, फेड (तिथली मध्यवर्ती बँक) वेगळी, आणि पैसे पाठवायच्या धंद्याचं लायसन्स जवळजवळ प्रत्येक राज्याचं वेगळं.

वातकुक्कुट

माफ करा, पण हे सगळं ऐकायला छान वाटतं. टेदर हे डिजिटल नाणं २०१४ पासून चालू आहे. त्यांनी कुणाला विचारलं? टोपली नाही म्हणता, डॉलरला बांधलेलं आहे, ठीक, पण निधीचं गूढ कित्येक वर्षं तसंच होतं आणि कुणी बंद पाडलं नाही. मग लिब्राच्याच मागे एवढी फौज का? कारण लिब्रा खरंच चालली असती म्हणून.

तळटीप

टेदरला काहीच झालं नाही हे बरोबर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी १.८५ कोटी डॉलरवर तडजोड आणि न्यूयॉर्कात धंदा बंद, ऑक्टोबर २०२१ मध्ये कमॉडिटीजवाल्यांकडून ४.१ कोटींचा दंड.

(अवांतर: टेलिग्रामला ग्राम नाण्याच्या प्रकरणात झालेला दंडसुद्धा बरोब्बर १.८५ कोटी डॉलर. कुणाचा तरी आवडता आकडा असावा.)

वातकुक्कुट

दंड भरला आणि धंदा चालू राहिला, माझा मुद्दा तोच आहे.

शेवटचा बाक

वातकुक्कुट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. टेदरने विचारलं नाही. लिब्राने विचारलं.

डेव्हिड मार्कस, म्हणजे फेसबुकमधला या प्रकल्पाचा कर्ताधर्ता, १६ जुलै २०१९ ला सिनेटच्या बँकिंग कमिटीसमोर काय सांगून आला बघा. नियामकांच्या सगळ्या शंका पूर्ण फिटल्याशिवाय आणि योग्य त्या मंजुऱ्या मिळाल्याशिवाय आम्ही लिब्रा आणणार नाही. ऐकायला किती समंजस! पण हे बोलल्याक्षणी त्याने समोरच्याला नकार देण्याच्या कष्टातून मोकळं केलं. आता नुसती शंका चालू ठेवली की पुरे. शंका फिटली हे ठरवणार कोण? ज्याला शंका आहे तोच. ऑक्टोबरात झुकरबर्ग स्वतः हाउस (खालचं सभागृह) कमिटीसमोर बसला, २३ तारीख, मॅक्सिन वॉटर्स अध्यक्ष, आणि त्याने अजून एक पाऊल पुढे टाकलं की असोसिएशनने अमेरिकेच्या मंजुरीआधी चलन आणलं तर फेसबुक असोसिएशन सोडेल. आपल्या हाताने धोंडा पायावर.

आणि विश्वासाचं म्हणाल तर वेळ बघा हो. केंब्रिज ॲनालिटिकाचं डेटा प्रकरण २०१८ चं, आणि लिब्राची जुलैतली सुनावणी झाल्यावर आठवड्याभरात प्रायव्हसीच्या प्रकरणात फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड जाहीर. अशा घरात कोण मुलगी देणार.

मनी मांजर

😂 शेवटच्या ओळीला +१

कोरा चेक

बाकांशी सहमत, फक्त एक जोड. फेसबुकला टेदरसारखं वागताच आलं नसतं. टेदर तेव्हा कुठल्या ना कुठल्या बेटावर नोंदलेली, कर्मचारी मोजके, हरवायला काही नाही. फेसबुकचं ऑफिस, जाहिरातींचा धंदा, शेअर, सगळं अमेरिकेच्या हाताशी. ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त तो जास्त लवकर घाबरतो, आमच्या धंद्याचं सगळं तंत्र यावर चालतं.

तळटीप

आणि हेच तंत्र सभासदांवर वापरलं गेलं. ऑक्टोबर २०१९ चे दोन आठवडे नीट बघा म्हणजे कासवरावांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

४ ऑक्टोबरला पेपाल बाहेर. ८ ऑक्टोबरला ब्रायन शाट्झ आणि शेरॉड ब्राऊन या दोन सिनेटर्सचं पत्र गेलं, पण ते फेसबुकला नाही, व्हिसा, मास्टरकार्ड आणि स्ट्राइपच्या प्रमुखांना. त्याचा मथितार्थ असा की तुम्ही यात पडलात तर तपासणी फक्त लिब्राच्या कामाची होणार नाही, तुमच्या सगळ्याच पेमेंट धंद्याची होईल. ११ ऑक्टोबरला व्हिसा, मास्टरकार्ड, स्ट्राइप, ईबे, मर्काडो पागो एकाच दिवशी बाहेर. १४ तारखेला जिनिव्हात सनदेवर सह्या व्हायच्या होत्या त्याच सुमारास बुकिंग होल्डिंग्जही गेली. सह्या झाल्या तेव्हा २१ उरले होते, आणि पेमेंटच्या धंद्यातलं मोठं नाव म्हणाल तर एक पेयू. जानेवारी २०२० मध्ये व्होडाफोनही गेली.

त्याच ११ ऑक्टोबरला टेलिग्रामवर सिक्युरिटीज आयोगाने तातडीची केस टाकली होती हा निव्वळ योगायोग, पण वातावरण समजतं.

मनी मांजर

एक बाळबोध प्रश्न. दोन सिनेटर म्हणजे सरकार नाही ना? व्हिसासारख्या राक्षसाने दोन लोकांच्या पत्राला एवढं का घाबरावं?

तळटीप

मांजरताई, प्रश्न बाळबोध नाही. दोघेही बँकिंग कमिटीतले आणि ब्राऊन तिथले अल्पमतातले सर्वात वरिष्ठ, म्हणजे पुढची निवडणूक फिरली की अध्यक्ष (२०२१ ला झालेच). आणि व्हिसाच्या हिशोबाने बघा. एका पारड्यात १ कोटी डॉलरची भागी, तीही नुसत्या कागदावर, दुसऱ्या पारड्यात रोजचा सगळा धंदा. त्यात लिब्रा यशस्वी झाली तर ती कार्डांचाच घास घेणार. असोसिएशनमध्ये नाव दिलं होतं ते मुळात आत बसून बघायला.

वातकुक्कुट

म्हणजे धमकी. कायदा नाही, आदेश नाही, थेट धमकी, आणि याला तुम्ही नियमन म्हणता.

शेवटचा बाक

धमकी म्हणा, पण दुसरी बाजू पण घ्या ना. ज्या गोष्टीसाठी कायदाच नाही ती दोन अब्ज लोकांना एका सकाळी मिळणार आणि मग कायदा करायला बसायचं, हे तुम्हाला चालेल का? हाउस कमिटीच्या बाजूने तेव्हा एक मसुदा फिरत होता, मोठ्या टेक कंपन्यांना वित्त क्षेत्राबाहेर ठेवा म्हणणारा, २५ अब्ज डॉलरच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या प्लॅटफॉर्मने असं चलन काढलं तर दिवसाला १० लाख डॉलर दंड. तो मसुदाच राहिला. पास झाला असता तर निदान कासवरावांना धागा काढावा लागला नसता.

आणि युरोपवाल्यांचं भय वेगळंच होतं, ते कुणी बोलत नाहीये. प्रायव्हसी वगैरे राहू द्या, त्यांना चलनाच्या सार्वभौमत्वाची काळजी. ब्रुनो ल मेर, फ्रान्सचे अर्थमंत्री, १२ सप्टेंबर २०१९ ला सरळ म्हणाले की युरोपच्या भूमीवर लिब्राला परवानगी देता येणार नाही, दुसऱ्या दिवशी फ्रान्स आणि जर्मनीचं एकत्र निवेदन की चलनाची सत्ता खासगी हातात जाता कामा नये. समजा एखाद्या देशात महागाई भडकलीये, लोक पगार हातात आल्या आल्या फोनवरच टोपलीत टाकतायत. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवले काय आणि कमी केले काय, कोण विचारतंय? डॉलर घरात लपवायला निदान नोट तरी मिळवावी लागते, इथे ॲप आधीच फोनमध्ये आहे. आणि निधीत रोखे कुठले घ्यायचे, कुठल्या देशाचा वाटा २ टक्क्यांनी कमी करायचा, हे ठरवणार जिनिव्हातली कमिटी, जिला कुणीही मत दिलेलं नाही.

मनी मांजर

पण मग गरिबांचं काय? श्वेतपत्रिकेत होतं ना की जगात १.७ अब्ज प्रौढांकडे बँक खातंच नाही, आणि परदेशातून घरी पैसे पाठवायला किती कापतात. तो भाग मला तरी खरा वाटला होता. सार्वभौमत्व वगैरे मोठ्या लोकांचं झालं.

कोरा चेक

मांजरताई, प्रश्न खराच आहे, आकडाही तेव्हाचा खरा. उपाय खरा होता का बघू, कारण इथे माझं खातं येतं.

खातं नसलेल्यांपैकी खूप लोकांचं खातं का नाही? पैसे नाहीत हे पहिलं कारण, पण त्याच्यामागोमाग कागदपत्रं नाहीत, बँक लांब आहे. आता लिब्राचं कॅलिब्रा वॉलेट (नंतर नोव्ही) उघडायचं तर सरकारी ओळखपत्र लागणार हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं, तसं नसतं केलं तर मनी लाँडरिंगच्या नियमांनी पहिल्याच दिवशी कुलूप लागलं असतं. म्हणजे ज्याला कागदाअभावी बँकेने परत पाठवलं त्याला वॉलेटही परत पाठवणार. मग गरीब कुठे जाणार, तर दुसऱ्या कुणीतरी बनवलेल्या, ओळख न विचारणाऱ्या वॉलेटकडे, कारण पहिल्या आराखड्यात नेटवर्क सगळ्यांना खुलं होतं आणि पाच वर्षांत चालवणारेही कुणीही असू शकतील अशी दिशा लिहिली होती. ते वाचून माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. बंदी घातलेल्या देशातल्या कुणीतरी त्या वॉलेटमधून पैसे हलवले तर सही कुणाची? असोसिएशन म्हणणार आम्ही फक्त नियम लिहितो, व्हॅलिडेटर म्हणणार आम्ही फक्त मशीन चालवतो, फेसबुक म्हणणार आम्ही तर अनेकांतले एक. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. अमेरिकेचे अर्थमंत्री मनुचिन यांनी जुलै २०१९ मध्ये याला राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न म्हटलं ते मला अतिशयोक्त वाटलं नाही.

गरिबाला सोपं आणि नियामकाला सुरक्षित, हे दोन्ही एकाच ओळखपत्रावर येऊन अडकतं. त्याचं उत्तर लिब्राकडे नव्हतं. खरं सांगायचं तर अजून कुणाकडेच नाहीये.

आळशी कासव

वा, धागा वसूल झाला. पण चेककाका, २०२० मध्ये त्यांनी यातलं बरंच मान्य केलं ना? मग तरी का नाही मिळाली परवानगी?

तळटीप

केलं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात विचित्र भाग आहे.

१६ एप्रिल २०२० ला दुसरी श्वेतपत्रिका आली. एकेका चलनाची वेगवेगळी नाणी, डॉलरची, युरोची, पौंडाची, सिंगापूर डॉलरची. टोपली उरली ती या नाण्यांची बेरीज म्हणून. कुणीही यावं असं खुलं नेटवर्क करायची योजना रद्द. पडत्या बाजारासाठी भांडवलाची उशी. त्याच दिवशी स्विस नियामक फिनमाकडे पेमेंट सिस्टीमच्या लायसन्ससाठी अर्ज. फिनमाने सप्टेंबर २०१९ मध्येच सांगून ठेवलं होतं की पेमेंट लायसन्स तर लागेलच, शिवाय बँकेसारखी जोखीम असेल तिथे बँकेसारख्या जास्तीच्या अटी लागतील. तत्त्व सोपं, सारखी जोखीम तिथे सारखे नियम. मे २०२० मध्ये प्रमुख म्हणून आणला कुणाला, तर स्टुअर्ट लेव्हीला, जो अमेरिकेच्या अर्थखात्यात दहशतवादाचा पैसा रोखायचं खातं सांभाळून मग एचएसबीसीचा मुख्य कायदा अधिकारी झालेला. याच्यापेक्षा नियामकांना ओळखीचा चेहरा मिळणार नाही.

तरी वर्ष गेलं. मे २०२१ मध्ये अर्ज मागे घेऊन बाडबिस्तरा अमेरिकेत. आता फक्त एक डॉलर नाणं, जारी करणार सिल्वरगेट बँक, फिनसेनकडे नोंदणी. म्हणजे सुरुवात कुठून, जागतिक चलनापासून, आणि शेवट कुठे, एका राज्यातल्या बँकेचं डॉलर टोकन. मागितलं तेवढं प्रत्येक वेळी कापून दिलं, आणि कापून झाल्यावर समोरचा म्हणतो अजून बघू.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नोव्ही वॉलेटची छोटी चाचणी अमेरिका आणि ग्वाटेमालात सुरू झाली तेव्हा त्यात डिएम नव्हतंच, पॅक्सोस नावाच्या दुसऱ्याच कंपनीचं डॉलर टोकन होतं. स्वतःच्या लग्नात उसना नवरदेव. तरी त्याच दिवशी सिनेटर्सचं पत्र आलं की बंद करा.

वातकुक्कुट

आता माझी पाळी. मार्कसने ३० नोव्हेंबर २०२४ ला एक्सवर सगळं लिहिलंय. त्याचं म्हणणं, २०२१ च्या पूर्वार्धात सगळ्या खात्यांचे प्रश्न संपले होते, फेडचे पॉवेल छोट्या प्रमाणात सुरुवात करू द्यायला तयार होते, पण अर्थमंत्री येलेननी त्यांना सांगितलं की हे राजकीय आत्महत्या ठरेल. मग फेडने सहभागी बँकांना फोन केले, आणि फोनवर वाचून दाखवलं की आम्ही तुम्हाला अडवू शकत नाही पण तुम्ही हे केलंत तर आम्हाला बरं वाटणार नाही. खलास. त्याच्या मते शंभर टक्के राजकीय खून. घ्या कासवराव, 'नाही' कोण म्हणालं ते.

शेवटचा बाक

मार्कस हा यातला पक्षकार आहे, साक्षीदार नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा. येलेन-पॉवेल बोलणं झालं तेव्हा तो त्या खोलीत नव्हता.

कोरा चेक

खोलीतलं सोडा, फोनवरचं वाक्य मात्र मला ओळखीचं वाटतं हो.

मी ज्या बँकेत होते तिचं नाव घेत नाही. एका नव्या प्रकारच्या कंपनीला खातं द्यायचं चाललं होतं, सगळे कागद स्वच्छ, आमच्या कमिटीने मंजूर केलेलं. तपासणीला आलेले साहेब चहा घेता घेता म्हणाले, तुमचा निर्णय आहे, आम्ही त्यात कसे बोलणार, फक्त पुढच्या वेळी या खात्याची फाइल मी पहिली मागेन. बस. लेखी काही नाही. कुणी नियम दाखवला नाही, नोटीस नाही, अपील करायचं तर कशाविरुद्ध? आठवड्याभरात आमच्याच वरिष्ठांनी ते खातं 'धोरणात बसत नाही' म्हणून परत पाठवलं. आणि पत्रावर सही माझी होती. (आधी कुणीतरी मला काका केलं, असो, ताई म्हटलं तरी चालेल.)

कासवराव, लिहून दिलेल्या नकाराशी भांडता येतं. भिजत घोंगड्याशी कसं भांडणार?

आळशी कासव

अर्रर्र, चेकताई, काका मीच केलं. माफी असावी.

आणि हे ऐकून टेलिग्रामचं प्रकरण वेगळं का वाटतं ते आत्ता कळलं. ग्रामसाठी त्यांनी २०१८ मध्ये १.७ अब्ज डॉलर जमवले होते, आयोगाने केस केली, मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी निकाल लिहून मनाई केली, मे महिन्यात टेलिग्रामने प्रकल्प सोडला, १.२ अब्ज परत द्यायचे ठरले. पटो न पटो, कागद आहे. ग्रामचा मृत्यूचा दाखला मिळतो. लिब्रा नुसती बेपत्ता.

मनी मांजर

मग आता २०२५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला म्हणतात, त्यात लिब्रा बसली असती का?

तळटीप

जीनियस ॲक्ट, स्टेबलकॉइनचा म्हणजे चलनाला बांधलेल्या नाण्यांचा कायदा, १८ जुलै २०२५ ला सही झाली. वाचताना सारखं २०२० ची श्वेतपत्रिका आठवते. एका नाण्यामागे पूर्ण एक डॉलर, निधीत रोख आणि कमी मुदतीचे सरकारी रोखे असल्या सुरक्षित गोष्टी, दर महिन्याला निधीचा तपशील जाहीर, आणि जारी करणाऱ्याने धारकाला व्याज द्यायचं नाही. शेवटचं कलम बँकांच्या ठेवी पळू नयेत म्हणून. युरोपच्या मिका या क्रिप्टो नियमांत तर टोपलीवाल्या नाण्यासाठी अशी मर्यादाच आहे की एका चलनक्षेत्रात वापर दिवसाला १० लाख व्यवहार आणि २० कोटी युरो यांच्या वर गेला की नवीन नाणी काढणं थांबवायचं. कुणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय ते सांगायला नको.

वातकुक्कुट

म्हणजे आराखडा चोरला आणि आराखडा काढणाऱ्याला हाकललं.

शेवटचा बाक

असं कसं, मधल्या काळात काय काय झालं ते विसरलात का? मे २०२२ ला टेराचं नाणं कोसळलं. मार्च २०२३ मध्ये सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले तर तिचं डॉलर नाणं यूएसडीसी, जे चांगलं घराणं समजतात, ते काही काळ ८८ सेंटच्या आसपास घसरून आलं. आणि ज्या सिल्वरगेटच्या भरवशावर डिएम उभं राहणार होतं ती बँक ८ मार्च २०२३ ला कारभार गुंडाळतो म्हणाली. समजा २०२१ मध्ये परवानगी मिळाली असती आणि दोन अब्जांतल्या दहा टक्के लोकांनी जरी ते नाणं घेतलं असतं. त्या आठवड्यात मला फेडच्या ऑफिसात फोन उचलायला आवडलं नसतं.

वातकुक्कुट

सिल्वरगेट पडली ती एफटीएक्स हे क्रिप्टो एक्सचेंज बुडाल्यावर ठेवीदार पळाले म्हणून. डिएमचा निधी पूर्ण असता तर नाण्याला काय झालं असतं?

कोरा चेक

निधी पूर्ण असणं आणि शनिवारी रात्री निधी हातात मिळणं यात फरक आहे. सर्कलचाही पूर्णच होता की.

मनी मांजर

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. फेसबुकला, म्हणजे मेटाला, आता काढता येईल का?

तळटीप

ताई, सॉरी, राहिलंच. कायद्यात सरळ बंदी नाहीये. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, जिचा मुख्य धंदा वित्तीय नाही, तिला स्टेबलकॉइन काढायचं तर एका समितीची परवानगी लागते, अर्थमंत्री, फेडचे अध्यक्ष आणि ठेव विमा महामंडळाचे अध्यक्ष असे तिघे, आणि तिघांचं एकमत हवं. बँकिंगची सुरक्षितता, ग्राहकांचा डेटा जाहिरातीला न वापरणं वगैरे अटी आहेतच. नोंदलेली नसलेली, खासगी मालकीची टेक कंपनी मात्र या कलमाच्या शब्दांत तशी येत नाही, त्यावरून तेव्हा बराच गदारोळ झाला होता.

आळशी कासव

थांबा थांबा. अर्थमंत्री आणि फेडचे अध्यक्ष. मार्कसच्या गोष्टीत ज्या दोन खुर्च्या होत्या त्याच?

तळटीप

त्याच, आणि एक जास्तीची. पण आता लेखी उत्तर द्यावं लागेल.

कोरा चेक

समितीने अर्ज 'अपूर्ण आहे' म्हणून परत पाठवला नाही तर.